मूळपेशी कुणासाठी आणि केव्हा? नांदेड-लातूरमधून एमएसकडे पाहताना

मराठवाड्यात एमएसची पहिली वर्दी पुष्कळदा चप्पल देते. चालता चालता ती पायातून निसटते आणि मागून कुणी हाक मारली तरच लक्षात येतं. मेंदूविकारतज्ज्ञ रुग्णाला मुद्दाम दोन प्रश्न विचारतात: चप्पल निसटते का, आणि निसटलेली कळते का? कळत असेल तर पायातला जोर कमी झालाय. कळतच नसेल तर तळपायाची संवेदना गेलीय. एवढ्या साध्या विचारपुशीतून मज्जारज्जूतल्या बिघाडाचा पहिला माग लागतो.

कुणाची सुरुवात डोळ्यापासून होते. चार-आठ दिवसांत एका डोळ्याला धुरकट दिसायला लागतं, डोळा फिरवला की दुखतो, लाल रंग फिका वाटतो. कुणाला मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखा झटका बसतो. कुणाच्या छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं, कुणाला लघवी रोखून धरता येत नाही, कुणाच्या अंगात दुपारी बारालाच त्राण उरत नाही. आणि मग यातलं पुष्कळसं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. हे ओसरणंच घात करतं. ‘बरं वाटायलंय आता’ म्हणत माणूस कामाला लागतो, तपासणी राहून जाते. पुढे कधीतरी दुसरा झटका येतो तेव्हा त्याचा पहिल्याशी काही संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि डोळ्याच्या नसेवर उलटते. चेतातंतूंभोवती मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, त्यावर ती हल्ला चढवते. आवरण गेलं की संदेश मंदावतात, अडतात. सूज उतरली की थोडंफार आवरण पुन्हा चढतं, म्हणून लक्षणं ओसरतात. पण आवरणाआतला तंतूच तुटला तर तो पुन्हा जोडला जात नाही. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तें शार्को यांनी या आजाराचं पहिलं नेटकं वर्णन केलं. प्रतिकारशक्ती का उलटते, याचं पूर्ण उत्तर आजही हाती नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या, अमेरिकी लष्करातल्या सुमारे एक कोटी माणसांच्या नोंदींवरच्या अभ्यासाने मात्र एक मोठा दुवा दाखवला: एपस्टाइन-बार नावाच्या अगदी सर्रास आढळणाऱ्या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. लागण बहुतेकांना होते, आजार फार थोड्यांना. म्हणजे विषाणूखेरीज आणखीही काही लागतं.

हा आजार बहुतेकदा विशी ते चाळिशीत गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक प्रमाणात होतो. शिक्षण संपून नोकरी लागलेली, लग्न ठरलेलं किंवा लेकरू कडेवर असलेलं, अशा वयात.

तो ‘थंड देशांतला आजार’ आहे, ही समजूत आपल्याकडे फार काळ टिकली. ती पुरती खोटी नव्हती. विषुववृत्तापासून दूर जावं तसं एमएसचं प्रमाण वाढतं, हे जगभर दिसलं आहे. पण भारतात तो नव्हता असं कधीच नव्हतं. मुंबईच्या पारशी समाजात भरुचा, वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लाखामागे २६ रुग्ण आढळले होते. मुंबईत सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे. एमआरआय यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली तसे रुग्ण दिसू लागले. देशासाठी आता लाखामागे पाच ते दहा असा अंदाज धरला जातो. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. या ५८ लाखांना तो अंदाज लावला तर दोन जिल्ह्यांत मिळून तीनशे ते सहाशे माणसं एमएससह जगत असावीत. ही शिरगणती नव्हे, निव्वळ गणित आहे. पण दोन-चार अपवादांचा हा विषय नाही, एवढं त्यातून कळतं.

ऊन आणि उशीर

मराठवाड्यात या आजाराला आणखी एक पदर आहे, तो उन्हाचा. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवलं की श्रम केल्यावर या रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते. कारण पुढे उलगडलं: आवरण गेलेला तंतू शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश वाहून नेईनासा होतो. कढत पाण्याची अंघोळ, साधा ताप, चुलीपुढचं बसणं एवढं त्याला पुरतं. नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून वर जातो. अशा दिवसांत दुपारी बसस्टँडवरून घरापर्यंत चालत आलेल्या रुग्णाचे पाय लाकडासारखे होतात, नजर अंधुक होते. सावलीत, पंख्याखाली, ओल्या टॉवेलने अंग पुसलं की तासा-दोन तासांत पूर्ववत होतं. याने नवी इजा होत नाही. पण हे ठाऊक नसलं तर घरचे घाबरतात, दवाखाना गाठतात आणि नवा झटका समजून स्टेरॉइडची सलाईन लागते. किंवा उलट घडतं: खरोखरचा झटका ‘उन्हानं झालं असंल’ म्हणून अंगावर काढला जातो. खरा झटका चोवीस तासांहून जास्त टिकतो, गारव्याने जात नाही. एवढा फरक प्रत्येक रुग्णाच्या घरात माहीत असायला हवा. आणि ज्या घरात एमएसचा रुग्ण आहे तिथला कूलर हा औषधाचाच भाग आहे.

उदगीरकडची सत्तावीस वर्षांची एक शिक्षिका कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. ही कुणा एकीची हकीकत नाही. आजाराची वाट आणि इथल्या उपचारांची वाट शेजारी शेजारी ठेवली की काय दिसतं, ते पाहण्यापुरतीच ती आहे. तिचा डोळा अधू होतो, तेव्हा चष्म्याचा नंबर तपासला जातो, थेंब मिळतात आणि महिन्याभरात दिसायला लागतं. पुढल्या वर्षी पायांना मुंग्या येतात, तेव्हा बी-१२ ची इंजेक्शनं सुरू होतात. मग पाय जड पडतो. कमरेचा एमआरआय होतो आणि ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगून पट्टा दिला जातो. घरात कुणी ‘वारं गेलं’ म्हणतं, कुणी ‘बाहेरचं’ म्हणतं, देवऋषी होतो. शेवटी कुणीतरी जाणता फिजिशियन डोक्याचा आणि मानेचा एमआरआय करायला सांगतो आणि मेंदूच्या पोकळ्यांभोवती पांढरे लांबट डाग दिसतात.

यात कुणा एका डॉक्टरचा दोष काढणं सोपं आहे आणि चूकही. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता खरोखरच सर्रास असते आणि तीही मज्जारज्जूला इजा करते. मणक्याचा क्षय आपल्याकडे एमएसपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. शिवाय एनएमओ नावाचा जुळा वाटावा असा एक आजार आहे. त्याची ओळख पटवणारं प्रतिद्रव्य २००४ मध्ये सापडलं. त्यात एमएसची काही औषधं उलट अपाय करतात, म्हणून ती रक्ततपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. निदान अवघड आहे हे खरंच. पण या आजारात वेळेला जी किंमत आहे ती पाहिली की हा उशीर परवडणारा नाही, हेही तितकंच खरं. मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, उपचाराचा सगळा प्रश्न याच वेळेवर येऊन थांबतो.

एकाच नावाचे दोन उपचार

निदान झालं की घरातलं कुणी ना कुणी मोबाइलवर शोधायला बसतं आणि ‘स्टेम सेल’ हे दोन शब्द समोर येतात. सेल्मा ब्लेअर या हॉलिवुडच्या अभिनेत्रीने २०१९ मध्ये हा उपचार घेतल्याची, नंतर आजार शांत झाल्याची बातमी येते. त्याखालीच आपल्या देशातल्या दवाखान्यांच्या जाहिराती येतात. दोन्हीकडे शब्द एकच आहे, उपचार मात्र एकमेकांपासून फार वेगळे आहेत. हा फरक लाखो रुपयांचा आहे आणि कधीकधी जिवाचाही.

पहिला उपचार म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचं प्रत्यारोपण. शेतकऱ्याला यामागचा विचार चटकन कळेल: रोग पडलेलं पीक मुळासकट काढायचं, पण त्याआधी निरोगी बियाणं बाजूला ठेवायचं आणि रान मोकळं झालं की तेच पेरायचं. बिघडलेली प्रतिकारशक्ती तीव्र औषधांनी पुसून टाकायची आणि रुग्णाच्याच मूळपेशींपासून ती नव्याने वाढू द्यायची. इथे मूळपेशी मेंदूची डागडुजी करत नाहीत. त्या फक्त रक्त आणि प्रतिकारशक्ती पुन्हा उभी करतात. आजारावरचा घाव घालतात ती औषधं. मूळपेशी नसत्या तर त्या औषधांतून माणूस लवकर सावरला नसता, एवढ्यासाठी त्या लागतात.

हे प्रत्यक्षात असं होतं. आधी औषध आणि रोजची इंजेक्शनं देऊन हाडांच्या मगजातल्या मूळपेशी रक्तात उतरवतात. मग रुग्णाला यंत्राला जोडतात. काही तास रक्त एका नळीने बाहेर येतं, यंत्र त्यातल्या मूळपेशी वेगळ्या काढतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या नळीने परत जातं. वजनाच्या दर किलोमागे किमान वीस लाख पेशी मिळायला हव्यात. त्या पिशवीत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. त्यानंतर रुग्ण एकट्याच्या, गाळलेल्या हवेच्या खोलीत जातो आणि काही दिवस केमोथेरपी चालते. त्यातलं मेलफलान हे औषध देताना तोंडात बर्फाचे तुकडे धरायला लावतात, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तोंड कमी सोलवटतं. शेवटी गोठवलेली पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात धरतात. आतला बर्फ काही मिनिटांत विरघळतो आणि पिशवी लगेच सलाईनसारखी टांगली जाते. पेशी गोठताना फुटू नयेत म्हणून घातलेल्या द्रवामुळे रुग्णाच्या घशात लसणासारखी चव येते आणि खोलीत तो वास दिवसभर रेंगाळतो. या दिवसाला ‘शून्यावा दिवस’ म्हणतात. पुढचे दहा-बारा दिवस रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. साधा ताप आला तरी अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं. मग आकडे हळूहळू चढू लागतात. रुग्णालयातला मुक्काम साधारण तीन-चार आठवड्यांचा.

एमएससाठी हे पहिल्यांदा १९९५ मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीत अथानासिओस फासास यांच्या पथकाने केलं. पण प्रत्यारोपणाची ही विद्या भारतात त्याआधीच महाराष्ट्रातून सुरू झाली होती. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मगज दिला. भारतातलं हे पहिलं मगज-प्रत्यारोपण. डॉ. अडवाणींना लहानपणीच पोलिओ झाला होता, ते चाकाच्या खुर्चीत बसूनच काम करत आले. चालता न येणाऱ्या एका डॉक्टरने देशात आणलेली ही विद्या पुढे चालणं हरवत चाललेल्या रुग्णांच्या कामी यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

आकडे काय सांगतात

या उपचाराचा सगळ्यात गाजलेला अभ्यास शिकागोचे डॉ. रिचर्ड बर्ट यांच्या पुढाकाराने चार देशांत झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधं चालू असूनही झटके येत राहिलेले ११० रुग्ण दोन गटांत विभागले गेले. एका गटाला प्रत्यारोपण, दुसऱ्याला औषधं. अभ्यासाच्या काळात प्रत्यारोपणाच्या गटात तिघांचा आजार पुढे सरकला, औषधांच्या गटात चौतीस जणांचा. कुणाचा मृत्यू झाला नाही. त्याआधी २०१६ मध्ये कॅनडातल्या ओटावाचा अभ्यास आला होता. तिथे अधिक तीव्र औषधं वापरली. चोवीस रुग्णांपैकी एक दगावला. उरलेल्यांना पुढे एकही झटका आला नाही, एमआरआयवर एकही नवा डाग दिसला नाही. आशा आणि धोका, दोन्ही एकाच अभ्यासात इतके स्पष्ट क्वचित दिसतात.

मराठवाड्यातल्या रुग्णासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र २०१७ च्या एका पाहणीत आहे. तेरा देशांतल्या २८१ जुन्या रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा, ज्यांना झटके येऊन ओसरत होते अशांपैकी ७३ टक्के जणांचा आजार पाच वर्षांत पुढे सरकला नव्हता. ज्यांचे झटके थांबून आजार संथपणे चढत चालला होता, त्यांच्यात हे प्रमाण ३३ टक्के होतं. वय कमी, अपंगत्व कमी, आधीची औषधं कमी, तर निकाल चांगला. कारण उघड आहे. प्रत्यारोपण सूज विझवतं, तुटलेला तंतू जोडत नाही. सूज पेटलेली असते ती आजाराच्या पहिल्या वर्षांत. पुढे सूज मंदावते आणि झीज सुरू राहते. त्या टप्प्यावर प्रतिकारशक्ती पुसून नवी आणली तरी गेलेले पाय परत येत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय एमएस सोसायटीने २०२० मध्ये म्हटलं की पन्नाशीच्या आतले, आजाराला दहापेक्षा कमी वर्षं झालेले आणि जोरकस औषधांनाही न जुमानणारे झटके येत असलेले रुग्ण यासाठी सगळ्यात योग्य.

औषधंही एका जागी थांबलेली नाहीत. २०२३ मध्ये आलेल्या एका तुलनेत प्रत्यारोपण फिंगोलिमॉड या औषधापेक्षा बरंच सरस ठरलं, पण ऑक्रेलिझुमॅब या नव्या औषधाशी तुलना केली तेव्हा थोड्या वर्षांच्या पाहणीत फरक दिसला नाही. मोठ्या चाचण्या अजून चालू आहेत.

धोके लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या काळात दगावणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं. अनुभवी केंद्रांत हे प्रमाण आता एक टक्क्याच्या खाली आलं आहे. केमोथेरपीने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, बाईची पाळी अकाली थांबू शकते. म्हणून स्त्रीबीज किंवा शुक्राणू आधी गोठवून ठेवण्याविषयी बोलायलाच हवं. लग्न व्हायचं असलेल्या मुलीशी, तिच्या आई-वडिलांच्या उपस्थितीत, हा विषय काढायला डॉक्टर संकोचतात. तो संकोच मुलीला फार महागात पडतो. हे बोलणं आधी तिच्याशी एकटीशी व्हावं.

दुसरा उपचार

याच नावाने जो दुसरा उपचार विकला जातो त्यात केमोथेरपी नसते, महिनाभराचं रुग्णालय नसतं. कंबरेच्या हाडातून मगज काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि पाठीच्या कण्यात सुई घालून त्या मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. कुठे गर्भनाळेतल्या किंवा चरबीतल्या पेशी वापरतात. या पेशी मेंदूत जाऊन नवं आवरण घालतील, नवे तंतू उगवतील, असं सांगितलं जातं. कल्पना ऐकायला पहिल्या उपचारापेक्षा जास्त गोड वाटते, कारण ती गेलेलं परत देण्याचं वचन देते.

पुरावा मात्र तसं सांगत नाही. मगजातल्या मेसेन्कायमल पेशी शिरेवाटे देण्याची शिस्तबद्ध चाचणी १४४ रुग्णांवर झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सहा महिन्यांनी एमआरआयवर पेशी दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत फरक नव्हता. अपाय होतच नाही असंही नाही. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका रुग्णाची नोंद आली. पक्षाघातानंतर त्याने परदेशी दवाखान्यांत मूळपेशींची इंजेक्शनं घेतली होती. त्याच्या मज्जारज्जूत गाठ वाढली आणि त्या गाठीतल्या पेशी दुसऱ्या कुणाच्या होत्या.

आपल्याकडचा नियम संदिग्ध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मान्य आजारांसाठीचं रक्तपेशी-प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच व्हावा. त्याबाहेरचा वापर अनैतिक. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्वमग्नतेसाठी असे उपचार देणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग ठरवला. तरीही एमएसच्या रुग्णाला हा उपचार विकायला येणारे थांबलेले नाहीत.

तेव्हा असा सल्ला मिळाला तर घरच्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. ही चाचणी असेल तर केंद्र सरकारच्या चाचणी-नोंदवहीतला तिचा क्रमांक कोणता? २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. चाचणी असेल तर पैसे कशाचे? चाचणीतल्या औषधाचा खर्च सहभागी रुग्णावर टाकायचा नसतो. कुठल्या पेशी, कुठून, किती आणि कुठे टोचणार? आणि हेच नियमित एमएस पाहणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञाला मान्य आहे का? यातल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर पिशवी उचलून घरी यावं. शेत विकून तिथे पैसे भरू नयेत.

या सगळ्यातली क्रूर गोष्ट अशी: खऱ्या प्रत्यारोपणाचा उपयोग होईल असा रुग्ण तरुण असतो, चालत असतो, त्याचं नेमकं निदानच झालेलं नसतं. त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही. आणि ज्याचा आजार पुढे गेला, जो खुर्चीला खिळला, त्याच्यापर्यंत दुसऱ्या उपचाराचे विक्रेते बरोबर पोचतात. मराठवाड्याचं खरं नुकसान उपचाराच्या अभावापेक्षा या उलट्या क्रमाने जास्त होतं.

रेल्वे, पाणी, कागद

नांदेडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की पाय हैदराबादकडे वळतात. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. आता रेल्वे आणि रस्ता दोन्ही सोयीचे आहेत, निजाम्स इन्स्टिट्यूटसारखं मोठं सरकारी केंद्र तिथे आहे. लातूरचा माणूस सोलापूर नाहीतर पुणे गाठतो. मुंबईला रात्रीची गाडी आहेच. प्रत्यारोपण त्या मोठ्या शहरांत होणार हे मान्य. पण नवी प्रतिकारशक्ती वाढायची असते ती इथे, घरी, पुढची एक-दोन वर्षं. लहानपणी घेतलेल्या लसींचा परिणाम पुसला जातो, त्या नव्याने घ्याव्या लागतात. दडलेला क्षय उसळू शकतो. पाणी स्वच्छ हवं. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आजही उन्हाळ्यात ज्या वस्त्या टँकरवर अवलंबून असतात, तिथे ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला कागदावर सोपा आणि घरात अवघड असतो. म्हणून प्रत्यारोपणाला निघण्याआधी घरच्या पाण्याची, जवळच्या डॉक्टरची आणि ताप आला तर रात्री कुठे जायचं याची व्यवस्था ठरवून निघावं.

आणि प्रत्यारोपण ही बहुतेकांची पहिली पायरी नव्हेच. रिटुक्सिमॅब हे मूळचं रक्ताच्या कर्करोगाचं औषध एमएसमध्ये चांगलं काम करतं. स्वीडनमध्ये ते वर्षानुवर्षं वापरलं जातं. २०२२ मध्ये आलेल्या तिथल्या चाचणीत दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना झटका आला, डायमिथाइल फ्युमरेट हे दुसरं औषध घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठीच्या अत्यावश्यक औषधांत त्याला स्थान दिलं. या औषधाचा जगातला पहिला स्वस्त पर्याय २००७ मध्ये डॉ. रेड्डीज या हैदराबादच्याच कंपनीने बाजारात आणला होता. काही महिन्यांच्या अंतराने सलाईनमधून दिलं जाणारं हे औषध, क्षय आणि काविळीच्या तपासण्या आधी करून, जिल्ह्याच्या ठिकाणीही देता येईल. चांगलं औषध वेळेत सुरू झालं तर पुष्कळांना प्रत्यारोपणाची गरजच पडणार नाही. ज्यांना त्यानंतरही झटके येतील त्यांनी मात्र रेंगाळू नये.

कायद्याचा हातही अर्धाच पोचतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळू शकतं. पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या कलमात ज्यांची नावं आहेत त्यांत एमएस नाही. त्यातून हा आजार चढ-उताराचा. प्रमाणपत्राच्या दिवशी बरा चालणारा माणूस महिन्याने जिना चढू शकत नाही. तपासणी मंडळापुढे जुने एमआरआय, डिस्चार्ज कार्डं आणि झटक्यांच्या तारखा क्रमाने लावलेली फाइल असली तर म्हणणं ऐकून घेतलं जातं. ही फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी.

इथे काय करता येईल

नांदेडला १९८८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आज ते डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाने विष्णुपुरीत आहे. लातूरला २००२ पासून विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. शिवाय १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी लातूरमध्ये विवेकानंद रुग्णालय उभं करून दाखवलंच आहे की जिल्ह्याच्या गावातही निष्ठेने चालणारं मोठं काम होऊ शकतं. या दोन शहरांनी देशाला किती डॉक्टर दिले याचा आपण अभिमान बाळगतो. त्या अभिमानाला शोभेल असं एक काम फार खर्चाचं नाही.

दोन्ही सरकारी महाविद्यालयांत आठवड्यातला एक दिवस या आजारांच्या बाह्यरुग्ण तपासणीसाठी ठरवावा. एका डोळ्याची नजर अचानक गेलेला किंवा पायांतली संवेदना हरवलेला तरुण रुग्ण आला तर नेत्रतज्ज्ञाने आणि हाडांच्या डॉक्टरने त्याला थेट तिकडे पाठवावं, अशी लेखी पद्धत असावी. बी-१२, क्षय आणि एनएमओच्या तपासण्या एकदमच व्हाव्यात. एमआरआय वाचायला पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या तज्ज्ञांशी पडद्यावर बोलता येतं, त्यासाठी रुग्णाने रात्रभर प्रवास करायची गरज नाही. रिटुक्सिमॅब सरकारी पुरवठ्यात यावं. कुणाला प्रत्यारोपण सुचवायचं, केव्हा, कुठल्या केंद्रात, हे दोन झटक्यांनंतर ठरलं पाहिजे. आठव्या झटक्यानंतर ते ठरवून हाती फारसं लागत नाही. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी. आज आपल्याकडे अंदाज आहेत. नोंद झाली तरच औषध मागता येईल, खाट मागता येईल, कायद्यातली ती उणीव भरून मागता येईल.

मूळपेशींनी एमएस बरा होतो का, असं कुणी विचारलं तर उत्तर असं द्यावं: काही रुग्णांचा आजार त्या थोपवतात, वर्षानुवर्षं थोपवतात, पण गेलेलं परत आणत नाहीत. म्हणून त्यांचा उपयोग करायचा तर काही गमावण्याआधी करायला हवा. ते होण्यासाठी पहिल्या झटक्याला ओळखणारा डॉक्टर उदगीरला, किनवटला, देगलूरला हवा. तो तयार करण्याची ताकद या दोन शहरांकडे आहे, आणि ही जबाबदारी त्यांनी या वर्षीच उचलावी.